जीभ बाहेर काढा, ताणू नका

जिभेचे फोटो काढायच्या आमच्या पेटीत पहिली जीभ गेली ती माझीच. हनुवटी टेकवायला खोलगट बैठक, कपाळाला आडवी पट्टी, आतून काळाकुट्ट रंग, समोर कॅमेरा आणि त्याच्याभोवती पांढऱ्या एलईडी दिव्यांचं कडं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यंत्राला तोंड लावून बसतो तसंच बसायचं, फक्त डोळे मिटायचे आणि तोंड उघडायचं. बाहेरून सहकारी म्हणाला, "काढ." काढली. "इतकी नको, ताणू नको." आत घेतली. "आता दिसतच नाहीये." असं करत सातव्या-आठव्या फोटोत एकदाची नीट जीभ आली, आणि तोवर ती पहिल्या फोटोतल्या जिभेपेक्षा गडद झाली होती. जीभ ताणून धरली की स्नायू आवळतात, रक्ताचा प्रवाह बदलतो, शेंडा लालभडक दिसायला लागतो. म्हणून चिनी वैद्यकात जीभ सैल सोडायला सांगून झटपट बघून घेतात, पुन्हा बघायची तर मध्ये तिला विश्रांती देतात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की हा अवयव एका जागी, एका रंगात राहत नाही, आणि त्याचे रंग मोजायचं मी दोन वर्षांसाठी कबूल करून बसले आहे.

मी सांगलीची. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. हाँगकाँगला संगणकाने चित्रं ओळखण्याच्या विषयात संशोधन करायला आले तेव्हा डोक्यात बिनचालकाच्या गाड्या वगैरे होत्या. ज्या प्राध्यापकांकडे जागा मिळाली त्यांचं काम जिभेवर होतं. घरी सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जिभेवर काम करायला एवढ्या लांब जायला लागतं?"

खरं तर जायला लागतंच. संगणकाने जीभ वाचायचं काम वाढलं ते तैवान, हाँगकाँग आणि हार्बिनच्या प्रयोगशाळांत, साधारण २००० सालापासून. हाँगकाँग पॉलिटेक्निकच्या डेव्हिड झांग यांच्या गटाने २००४ साली बेझियन जाळ्यांवर, म्हणजे शक्यतांच्या गणितावर आधारलेली निदानपद्धत मांडली, पुढच्या वर्षी जिभेची कड आपोआप शोधायची रीत. पहिल्या महिन्यात मी हेच सगळं वाचत होते. मूळ शास्त्र मात्र मला शून्य ठाऊक होतं. चिनी वैद्यकात रोग्याला तपासायच्या चार वाटा: बघणं, ऐकणं-हुंगणं (या दोन्हींना त्यांच्याकडे एकच शब्द आहे), विचारणं आणि नाडी धरणं. जीभ येते 'बघण्यात'. आपल्या अष्टविध परीक्षेतही नाडी, मूत्र, मल यांच्यामागोमाग जिव्हा आहेच, त्यामुळे मला हे फारसं परकं वाटलं नाही. पण चिनी वैद्यांनी जिभेचा जो संसार मांडला आहे तो फार मोठा. १३४१ साली दू बन यांनी आओ नावाच्या वैद्याची १२ जिभांची चित्रं घेतली, त्यांत भर घालून ३६ केली आणि ग्रंथ तयार केला. प्रत्येक चित्राखाली ती जीभ कशाची खूण आणि औषध काय.

ढोबळ मांडणी अशी. जिभेचं अंग वेगळं आणि जिभेवरचा थर वेगळा. अंगाचे रंग पाच: फिकट पांढुरकं, फिकट लाल, लाल, गडद किरमिजी आणि निळसर-जांभळं. थर पांढरा, पिवळा किंवा करडा-काळा. पातळ की जाड. चिकट की पिठूळ. फिकट लाल अंगावर पातळ पांढरा थर ही निरोगी जीभ. शिवाय कडेला दातांचे ठसे, मध्ये भेगा, लाल टोकदार पुरळ. शेंडा हृदय-फुप्फुसांचा, कडा यकृत-पित्ताशयाच्या, मधला भाग प्लीहा-जठराचा, मूळ मूत्रपिंडांचं. या शेवटच्या नकाशाला शरीररचनाशास्त्रात आधार नाही, आणि मी तो माझ्या कामात कुठेही वापरला नाही. पण जीभ काही सांगतच नाही असंही नाही. पांडुरोगात ती पांढुरकी पडते, बी-१२ कमी पडलं की गुळगुळीत लाल होते, रक्तात प्राणवायू कमी असला की निळी. हे तुमचे-आमचे एमबीबीएस डॉक्टरही बघतातच.

जाता जाता एक गंमत. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत जिभेला 'सित्' म्हणायचं टाळतात, कारण नुकसान होण्याच्या शब्दाचा उच्चारही तोच. म्हणून जिभेला 'लेइ' म्हणतात, जो नफ्याच्या शब्दासारखा ऐकू येतो. खाटकाच्या दुकानातल्या डुकराच्या जिभेलाही 'लेइ'च. मला हे कोणी समजावून सांगायला लागलं नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते.

हाँगकाँगमध्ये मास्कची सक्ती १ मार्च २०२३ला उठली आणि त्याच महिन्यात आम्ही पेटी बाहेर काढली. अडीच वर्षांहून जास्त काळ लोकांनी अनोळखी माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं. संमतीपत्रावर सही करून खुर्चीत बसलेल्या आजीबाई मास्क काढताना अशा संकोचायच्या की मीच दुसरीकडे बघायचे. प्रत्येक माणसानंतर बैठक, पट्टी, कडा, सगळं स्पिरिटने पुसायचं. हे काम पहिले चार महिने मी एकटीने केलं. शोधनिबंधात ते एका ओळीत संपतं.

खरा त्रास उजेडाचा. माणसाचा डोळा दिवा बदलला तरी पांढऱ्याला पांढरंच समजतो, कॅमेरा नाही समजत. पिवळट दिव्याखाली पांढरा थर पिवळा दिसतो, आणि या शास्त्रात पांढरा म्हणजे थंडी, पिवळा म्हणजे उष्णता. म्हणजे बल्ब बदलला की रोग उलटा. जीभ वाचणाऱ्या यंत्रांसाठी आयएसओ २०४९८ ही अख्खी मानकांची मालिका निघाली आहे, तीत प्रकाशाचा भाग वेगळा आणि रंगपट्टीचा वेगळा, याचं कारण हेच. आम्ही रोज सकाळी दिवे लावून अर्धा तास नुसते ठेवायचो, कारण तापेपर्यंत त्यांचा रंग सरकत राहतो. मग २४ चौकोनांच्या रंगपट्टीचा फोटो. त्या चौकोनांचे खरे आकडे ठाऊक असतात. फोटोतले आकडे त्यांच्याशी ताडून एक समीकरण बसवायचं आणि दिवसभराच्या जिभा त्या समीकरणातून काढायच्या. ही पट्टी आली १९७६ साली, आणि ज्या पद्धतीत आम्ही रंग मोजायचो (उजळपणा, तांबडा-हिरवा, पिवळा-निळा अशा तीन आकड्यांत) तीही १९७६ सालचीच. पण पट्टीत आकाश आहे, पानं आहेत, राखाडीच्या छटा आहेत. जीभ काही हिरवी नसते. जिभेचे सगळे रंग मिळून या पसाऱ्याचा एक छोटासा कोपरा व्यापतात. म्हणून झांग यांच्या गटाने जिभेपुरती वेगळी पट्टी तयार केली. आम्ही तसलीच एक घरगुती पट्टी जुळवली आणि माझे आकडे पहिल्यांदा जागेवर बसले.

दुसरा घोळ थुंकीचा. ओल्या जिभेवर दिव्याची चमक पडते, पांढरे ठिपके उमटतात आणि प्रोग्रॅम त्यांना पांढरा थर म्हणतो. दिव्यांवर एक आणि कॅमेऱ्यावर त्याला आडवी दुसरी अशा ध्रुवीकरणाच्या काचा लावल्यावर चमक गेली. पण मार्चमधलं हाँगकाँग! समुद्रावरून कोमट दमट हवा येते आणि थंड भिंतींना अक्षरशः घाम फुटतो, जिन्यात पाणी ओघळतं. त्या आठवड्यात काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरलं होतं आणि आमच्या लक्षातच आलं नाही. सगळे फोटो दुधट आले. प्रोग्रॅमने सलग तीन दिवस झाडून सगळ्यांना एकच निकाल दिला: जाड पांढरा थर, अंगात दमटपणा. मी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेतल्या झाडूवाल्या मावशींना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. या दिवसांत सगळ्यांच्या अंगात दमटपणा असतोच, म्हणाल्या, आणि मला खालच्या दुकानातून 'चोवीस चवींचा' कडू काढा पिऊन यायला सांगितलं. प्यायले. कारल्याला लाजवेल.

फोटोतून जीभ कापून वेगळी करणं हे मला सगळ्यात अवघड वाटलं होतं, ते सोपं निघालं. ओठ आणि जीभ जवळपास एकाच रंगाचे, त्यामुळे जुन्या पद्धतीत कड ओठावर घसरायची. जीभ साधारण दोन अर्ध्या लंबवर्तुळांसारखी असते हे गृहीत धरून २००५ साली त्यावर तोडगा निघाला होता. आता यू-नेटसारख्या, चित्रातले भाग वेगळे करायला शिकणाऱ्या संगणकी जाळ्याला काही शे जिभा हाताने रेखून दाखवल्या की ते स्वतःच शिकतं. रेखण्यात माझं मनगट गेलं, बाकी काही नाही.

मग माणसांचा गोंधळ. निरोगी लोकांच्या जिभा हव्या होत्या, म्हणून मी इथल्या ओळखीच्या मराठी घरांना गळ घातली. शनिवारी सकाळी आठ-दहा जण हजर. निम्मे पोहे खाऊन आलेले. सांगलीची मुलगी असून मला हे आधी सुचू नये! हळदीने जीभ अशी रंगते की वैद्यांच्या भाषेत तो ठसठशीत पिवळा थर. चिनी वैद्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, 'रंगलेला थर' असं त्याला नावच आहे. कॉफी, काळा चहा, रंगीत फळं, सगळी त्यात येतात. म्हणून आदल्या तासाभरात काय खाल्लं-प्यायलं हे विचारतात. माझ्या फॉर्मात तो प्रश्न नव्हता, त्या दिवसापासून आला.

जे उपाशीपोटी आले त्यांची वेगळी कथा. सगळ्यांनी सकाळी दात घासताना सवयीप्रमाणे जीभ खसाखसा खरवडली होती. एका काकांकडे तांब्याची पट्टी, त्यांच्या आजोबांपासूनची. त्यांची जीभ इतकी लखलखीत की थर नावालाही नाही. फोटो चिनी वैद्यांकडे गेले तेव्हा अनेकांवर शेरा पडला: थर नाही किंवा सोललेला, शरीरातला ओलावा-थंडावा कमी झालेला दिसतो. काका रोज व्हिक्टोरिया पार्कात पाच किलोमीटर धावतात. मी त्यांना निकाल सांगितला नाही. पुढच्या वेळी बोलावताना निरोपातच लिहिलं, 'कृपया दोन दिवस जीभ खरवडू नका.' काकांनी कळवलं, तेवढं सोडून काहीही सांग.

शेरे देणारे वैद्य दोन. इथे डॉक्टरांना 'यीसांग' म्हणतात. थोरले यीसांग सत्तरीचे. शाम शुई पो भागातल्या एका जुन्या इमारतीत त्यांचा दवाखाना, भिंतभर औषधांच्या छोट्या ड्रॉवरांचं कपाट आणि वजनाचा लाकडी दांडीचा काटा. धाकट्या यीसांग विद्यापीठात शिकलेल्या, संगणकाला सरावलेल्या. दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक फोटोला अंगाचा रंग, थराचा रंग आणि जाडी निवडायची, यादीतून. त्यांच्या उत्तरांवरून प्रोग्रॅम शिकणार. इतके दिवस मी धरून चालले होते की उजेडाचं गणित सुटलं की पुढे सगळं सरळ आहे.

पहिल्या शंभर फोटोंची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली आणि पोटात गोळा आला. पांढुरकं किंवा जांभळं अंग असेल तिथे दोघे जुळत होते. फिकट लाल की लाल, पातळ की जाड, इथे जागोजाग फाटा. नुसती जुळलेली टक्केवारी मोजून भागत नाही, कारण निरोगी जिभाच जास्त असल्या की डोळे मिटून 'फिकट लाल' म्हटलं तरी बरंच जुळतं. तो योगायोग वजा करणारा कॅपा नावाचा आकडा असतो. तो काढला तर चेहरा दाखवायला जागा राहिली नाही. वर मी लबाडी करून काही फोटो दोनदा मिसळले होते. त्यांत दोघांचंही स्वतःशीच जुळत नव्हतं.

थोरल्या यीसांगांना हे सांगायला मी घाबरत घाबरत गेले. ते चिडले नाहीत. उलट त्यांनी मलाच प्रश्न विचारले. ही बाई किती वर्षांची? हा फोटो सकाळचा की जेवणानंतरचा? हिला झोप लागते का? म्हटलं, ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं आहे, म्हणजे तुमचा कल आधीच बनणार नाही. ते हसले आणि म्हणाले, "तुझ्या फोटोला नाडी नाही." मग त्यांनी एक गोष्ट दाखवली. थर पातळ की जाड हे ठरवायची साधी खूण: थरातून खालचं अंग दिसतं का? दिसलं तर पातळ, नाही तर जाड. "पण मध्ये दिसत नाही आणि कडेला दिसतं. मग काय लिहू? तुझ्या यादीत ते नाही." आणि म्हणून त्यांनी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं.

शेऱ्याचा रकाना! फाइल साफ करणाऱ्या माझ्या प्रोग्रॅममध्ये पहिलीच ओळ तो रकाना उडवायची होती. चिनी अक्षरांनी काहीतरी अडतं म्हणून मीच ती टाकली होती. तीन महिन्यांचे शेरे मी न वाचता पुसत होते. नशिबाने मूळ प्रती शाबूत होत्या. चिनी येणाऱ्या एका मैत्रिणीला घेऊन बसले आणि दोन संध्याकाळी वाचून काढले. एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता: 'पिन', म्हणजे झुकलेलं. फिकट लाल, गडदकडे झुकलेलं. पांढरा, पिवळ्याकडे झुकलेला. थोरल्या यीसांगांचा 'फिकट लाल, लालकडे झुकलेलं' आणि धाकट्या यीसांगांचा 'लाल, पण फिकट' हे माझ्या यादीत दोन वेगळे रंग झाले होते, कागदावर कडाक्याचं भांडण. प्रत्यक्षात दोघे एकच जीभ बघून जवळपास एकच बोलत होते.

हे मला हाँगकाँगमध्ये शिकायला लागावं याची लाज वाटली. वडील हळकुंड मोडतात, दुकानाच्या दारात उजेडाशी नेतात, आतला रंग बघतात आणि म्हणतात, "चांगलंय, जरा केशरीकडे जातंय." त्यांना कोणी पाच चौकोनांची यादी देऊन यातला एक निवडा म्हटलं असतं तर त्यांनी हळकुंड त्याच्या हातात ठेवून चहा मागवला असता.

मी यादी काढून टाकली. तिच्या जागी शेजारच्या दोन रंगांमध्ये सरकवायची पट्टी दिली. थोरल्या यीसांगांना माउस जमेना, म्हणून त्यांच्यासाठी कागदावर रेघ, आणि तिच्यावर ते पेनाने फुली मारायचे. नवीन फेरीत मतभेद संपले नाहीत, पण कुठे 'थोडा फरक' आणि कुठे 'खरा फरक' हे वेगळं दिसायला लागलं. थोड्या फरकाला कमी आणि मोठ्या फरकाला जास्त वजन देऊन कॅपा काढता येतो, तसा काढला. प्रोग्रॅमही आता एकच नाव ठोकून देत नव्हता, रेघेवरची जागा सांगत होता. त्या जागा दोन यीसांगांच्या फुल्यांच्या मध्ये कुठेतरी पडायला लागल्या तेव्हा मी पहिल्यांदा शांत झोपले. प्रबंधाचं नावही बदललं. आधी त्यात 'निदान' होतं, आता 'रंगमापन' आहे. प्राध्यापकांना ते फारसं आवडलं नाही. निदान या शब्दावर निधी लवकर मिळतो.

२०२४च्या ऑगस्टमध्ये ती बातमी सगळीकडे फिरली: जीभ बघून ९८ टक्के अचूक रोग ओळखणारा संगणक, बगदाद आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी बनवलेला. मूळ निबंध मी वाचला. ५,२६० चित्रं, सात रंग. आणि ती अठ्ठ्याण्णवची टक्केवारी रंग बरोबर ओळखण्याची होती. रंगावरून रोग ही पुढची उडी, ती बातमीत याच आकड्याला चिकटवली गेली. काम वाईट नाही, पण मला त्या आकड्याचा मत्सर वाटला नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

आईने ही बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली, खाली 'आपल्या पोरीचा विषय' असं लिहून. पाठोपाठ तिच्या जिभेचा फोटो आला. रात्री साडेनऊला स्वयंपाकघरात काढलेला, फोनवर. सवयीने मी तो प्रोग्रॅमला दिला. जाड पिवळा थर, अंग लालकडे झुकलेलं. फोन लावला.

"आज काय खाल्लंस?"

"कढी-खिचडी. का गं? काय निघालं?"

"हळद निघाली. आणि तुझा पिवळा बल्ब निघाला."

"म्हणजे मला काही झालेलं नाही ना? तुझ्या यंत्राला नीट विचार."

मी काही बोलायच्या आत मागून बाबांचा आवाज आला, "अगं, बल्बखाली कसला रंग बघतेस? सकाळी दारात उजेडात जाऊन काढ म्हणावं."